स्टॉक व्हिडिओ विकायचेत? एडिटिंगसाठी महागडं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही

शटरस्टॉक किंवा ॲडोबी स्टॉकवर व्हिडिओ विकायचा तर क्लिप 5 ते 60 सेकंदांची लागते. त्यावर ना शीर्षक, ना गाणं. ते सगळं क्लिप विकत घेणारा आपल्या सोयीने टाकतो. त्यामुळे उरतं ते एवढंच : नको तो भाग कापणं, रंग आणि उजेड सुधारणं, हलणारं चित्र स्थिर करणं. पहिली क्लिप विकली जाण्याआधीच यासाठी दर महिन्याला पैसे भरणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

'दा विंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती 4के पर्यंतचा व्हिडिओ वॉटरमार्कशिवाय एक्स्पोर्ट करते. रंगांच्या कामात तर ती नावाजलेलीच आहे. मात्र कमी उजेडातल्या व्हिडिओत दिसणारे दाणे घालवणारं नॉइज रिडक्शन फक्त तिच्या सशुल्क आवृत्तीत मिळतं. शिवाय तिला लॅपटॉपही दणकट लागतो. जुन्या लॅपटॉपवर 'शॉटकट' बरं. तेही मोफत आहे आणि वरची तिन्ही कामं करतं.

जपायचं ते 'फ्री ट्रायल'पासून. अशी बरीच सॉफ्टवेअर तयार व्हिडिओवर स्वतःचा शिक्का उमटवतात आणि शिक्क्याची क्लिप स्टॉक साइट नाकारते. म्हणून तासन्‌तास एडिटिंग करण्याआधी 10 सेकंदांची एक क्लिप एक्स्पोर्ट करून पाहा.