एकच खिडकी, मागे अनेक टेबलं

मोठ्या संस्थेत एकसारखी कामं वेगवेगळ्या खात्यांत आपापली वाढत जातात. भारतीय रेल्वेच्या हेल्पलाइनचं असंच झालं होतं. सामान्य तक्रारीसाठी 138, अपघाताच्या चौकशीसाठी 1072, सुरक्षेसाठी 182. खानपान, डब्याची स्वच्छता, दक्षता यांचे क्रमांक निराळेच. रात्री दोन वाजता डब्यात कुणाच्या छातीत कळ आली, तर यातला कुठला फिरवायचा हे आठवणार कुणाला?

जानेवारी 2020 मध्ये यातले बहुतेक क्रमांक 139 मध्ये विलीन झाले आणि 1 एप्रिल 2021 पासून 182 सुद्धा त्यातच आला. सेवा बारा भाषांत मिळते आणि साधा फोनही पुरतो.

खरी मेख इथे आहे: एकत्र झालं ते फक्त दार. फोन घेणं, तक्रार नोंदवणं, तिचा पाठपुरावा करणं ही पायरी सगळीकडे सारखीच, म्हणून ती जोडता आली. चोर पकडणं आणि बेसिन साफ करणं मात्र वेगळ्याच माणसांकडे राहिलं. 139 लावून 1 दाबल्यावर सुरक्षा आणि वैद्यकीय मदत मिळते. तातडीच्या कामाला रांगेत पुढे जागा हवीच.

असं विलीनीकरण कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक खात्याची नोंदवही, शब्द आणि मुदती वेगळ्या असतात. आधी ते जुळवावं लागतं. क्रमांक बदलणं हे त्यातलं सर्वांत हलकं काम.