करंगळीची शाई काय सांगते?

पल्स पोलिओच्या रविवारी आपल्या नगरच्या बसस्थानकावर, पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर पोरांच्या करंगळीला शाई लागते. त्यावरून काय कळतं? डोस दिला, एवढंच. प्रतिकारशक्ती आली का, हे शाई सांगत नाही. क्रिया वेगळी, फळ वेगळं. आज आपण हे फळ मोजतात कसं, ते पाहू.

1970 च्या दशकात वेल्लोरला डॉ. टी. जेकब जॉन यांनी तोंडावाटे तीन डोस घेतलेल्या मुलांचं रक्त तपासलं. प्रकार 1 आणि 3 विरुद्धची प्रतिपिंडं जेमतेम दोन-तृतीयांश मुलांत तयार झाली होती. म्हणजे तिन्ही वेळा आणूनही पोर उघडं राहू शकतं. आणि आपण मात्र लगेच आईला विचारतो, "डोस चुकवला असशील!"

मोजणी अशी. रक्तातला सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचा, त्यात ठरावीक विषाणू मिसळायचे आणि ते मिश्रण जिवंत पेशींवर सोडायचं. पेशी तगल्या, तर विषाणू अडला. आठपट पातळ करूनही अडला, तर प्रतिपिंडं आहेत असं धरतात.

आमच्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. पण धूर शेजारच्या चुलीचा असला तर? तान्ह्या बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं असतात. ती साधारण महिन्यागणिक निम्मी होतात. म्हणून थोड्या मोठ्या बाळांचं रक्त घेणं बरं. 2007 मध्ये मुरादाबादला 6 ते 12 महिन्यांची बाळं तपासली. इतक्या फेऱ्या होऊनही प्रकार 1 विरुद्ध 88 टक्के, प्रकार 3 विरुद्ध 75 टक्केच बाळं सुरक्षित निघाली.

आणखी एक मेख आहे. रक्तातली प्रतिपिंडं पाय वाचवतात. पण विषाणू आतड्यात वाढून शौचावाटे पसरू शकतो. ते रक्त सांगत नाही. म्हणून मुंबईत 2001 पासून सांडपाणीही तपासू लागले.

भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्याचा. 27 मार्च 2014 ला आपण पोलिओमुक्त ठरलो. कारण तीन डोस पुरत नाहीत हे मान्य करून पुन्हा पुन्हा डोस दिले, लशीतही बदल केले.

तेव्हा शाई जरूर लावू. पण एखादं लेकरू लंगडताना दिसलं, तर त्याच्या आईला जाब विचारण्याआधी आपण एवढं आठवू: तिने आपलं काम केलं असेल, लशीचंच काम अपुरं राहिलं असेल.