उटीची वाट आणि मास्तरांची कन्याकुमारी

डॉक्टर झाल्यावर काही महिने मी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला होतो. तमिळचे एक अक्षर येत नव्हते. एका रविवारी मित्रांनी ओढूनच सिनेमाला नेले. मणिरत्नम यांचा १९८९ सालचा तेलुगू 'गीतांजली' तिकडे तमिळमध्ये 'इदयत्तै तिरुडादे' या नावाने लागला होता. नायकाला कर्करोग, नायिकेला हृदयविकार, दोघांचेही दिवस मोजके. नायक घर सोडून उटीला जातो आणि तिथे त्याला ती भेटते, मरणाची थट्टा करणारी. इळैयराजांचे संगीत आणि ते धुके! भाषा न कळताही डोळे पुसावे लागले.

बाहेर पडल्यावर मात्र डॉक्टरी डोके चालू झाले. उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंच. हवा विरळ, श्वासागणिक प्राणवायू कमी. हृदय दुबळे असलेल्या पोरीने तिथे बागडायचे? मी मित्रांना हे ऐकवले, ते हसले.

तेच शहाणपण मी पुढे आमच्या गावातल्या एका निवृत्त मास्तरांवर चालवले. त्यांना जठराचा कर्करोग, पसरलेला. त्यांचे दोन जिवलग मित्र, एक डायलिसिसवर, दुसऱ्याचे हृदय थकलेले. मास्तर म्हणाले, ''डॉक्टर, आम्ही तिघे एकदा कन्याकुमारी बघून येतो.'' मी म्हणालो, ''मास्तर, भलतेच काय! विश्रांती घ्या.'' घरच्यांनीही माझीच री ओढली. पुढचे चार महिने मास्तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होते. त्यांना दुखत होते आणि मी साध्या गोळ्यांवर भागवत होतो. मॉर्फिनची मला भीती वाटे. ''सवय लागेल'' असे मीच त्यांच्या मुलाला सांगितले होते. चार महिने उरलेल्या माणसाला कसली सवय लागणार होती?

आता कोणी असे विचारले तर मी आधी वेदनेचे बघतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच पायरीपायरीने वेदनाशमन करण्याची पद्धत सांगितली आहे. मॉर्फिनची गोळी दुखायची वाट न पाहता घड्याळ लावून, साधारणपणे दर चार तासांनी द्यायची. बद्धकोष्ठ होतेच, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून हवे. २०१४ मध्ये कायद्यात बदल झाल्याने मान्यताप्राप्त रुग्णालयांना हे औषध ठेवणे सोपे झाले आहे. मोठ्या शहरात वेदनाशमन विभाग असेल तर तिथे जरूर विचारा.

मग प्रवासाचे. कर्करोगात पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तेव्हा गाडीत तासन्तास पाय लोंबकळत बसू नये. एक पाय अचानक सुजला, दुखू लागला तर तिथल्याच डॉक्टरकडे जावे. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, दोन दिवसांची जास्त. चिठ्ठी आणि रिपोर्टच्या झेरॉक्स बरोबर असू द्या. डायलिसिस असेल तर मुक्कामाच्या गावी पाळी आधीच ठरवा. रक्त फार कमी असेल, बसल्या जागी धाप लागत असेल तर डोंगर नको, समुद्रकिनारा बरा. (म्हणजे मास्तरांचीच निवड बरोबर होती.) रेल्वेची कर्करुग्णांसाठीची सवलत मात्र उपचाराच्या प्रवासाला आहे, सहलीला नाही.

ताप असेल, उलट्या थांबत नसतील, नुकतीच केमोथेरपी होऊन पांढऱ्या पेशी उतरल्या असतील, तर बेत पुढे ढकलावा. बाकी बहुतेकांना जाता येते. फक्त निघण्याआधी आठ दिवस डॉक्टरांना भेटा, आदल्या रात्री नव्हे.