छातीचा खोकला, पोटाची उलटी

‘लेकराची छाती सारखी भरते’ हे आपण बचतगटाच्या बैठकीत नेहमी ऐकतो. बहुतेकदा सर्दी, न्यूमोनियाच असतो. क्वचित कारण वेगळं असतं.

छाती आणि पोटाच्या मध्ये स्नायूंचा पडदा असतो, श्वासपटल. काही बाळांच्या पडद्याला जन्मतःच भोक राहतं, बहुधा डावीकडे. त्यातून आतडी छातीत सरकतात. हाच पडद्याचा हर्निया. बहुतेक बाळांना जन्मल्याबरोबर धाप लागते. काहींना मात्र काही महिन्यांनी, वर्षांनी, अगदी मोठेपणीही त्रास सुरू होतो.

एक्स-रेत ही आतडी कधी न्यूमोनियासारखी, कधी छातीत पाणी झाल्यासारखी दिसतात. म्हणून फसगत होते. सीटी स्कॅनने उलगडा होतो. औषधाने भोक बुजत नाही. ऑपरेशन करून आतडी खाली घेतात आणि पडदा शिवतात. भोक मोठं असेल तर जाळी लावतात.

खोकला, धाप आणि त्याबरोबर उलटी, पोटदुखी पुन्हा पुन्हा होत असेल, तर दोन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांना सांगा. जुने एक्स-रे जपा, दाखवा. अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं की त्यांनाही सांगा. पुढे सोलापूरचं सिव्हिल आहेच. एकदम धाप लागून उलट्या सुरू झाल्या, तर काही खाऊ-पिऊ घालू नका. लगेच 108 ला फोन करा.