झे. सोलकर

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये ‘युटिलिटी प्लेअर’ असतो. मैदानावरच्या नऊ जागांपैकी कुठेही उभा करा, तो निभावून नेतो. बर्ट कॅम्पनेरिस हा खेळाडू तर १९६५ साली एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागी खेळला. आपण अशा माणसाला म्हणतो हरहुन्नरी, पण वागवतो हरकाम्यासारखे! आपल्या क्रिकेटमध्ये असा माणूस होता एकनाथ सोलकर.

ऑक्टोबर १९६९ मध्ये आपल्या नागपुरात पहिली कसोटी झाली. न्यूझीलंडने ती जिंकली. त्यानंतरच्याच हैदराबाद कसोटीत सोलकर भारतीय संघात आला. वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे मैदान सांभाळायचे. कुटुंब तिथेच एका खोलीत राहायचे.

संघाला जे हवे ते त्याने केले. १९७१ साली किंग्स्टनला भारत ५ बाद ७५ असताना त्याने ६१ धावा काढल्या आणि दिलीप सरदेसाईंबरोबर १३७ धावांची भागी केली. नवा चेंडू तो टाकायचा, आणि चेंडू जुना झाला की डावखुरी फिरकीही. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याला सलामीलाही पाठवले. कसोटी शतक एकच, १९७५ साली वानखेडेवर वेस्ट इंडिजविरुद्ध. २७ कसोट्यांत १०६८ धावा आणि १८ बळी. हे आकडे कुणाच्या नजरेत भरणार नाहीत.

पण झेल ५३! सामन्याला जवळजवळ दोन. राहुल द्रविडसारख्या खेळाडूचे १६४ कसोट्यांत २१० आहेत, यावरून अंदाज यावा.

तो उभा राहायचा फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजापासून हाताच्या अंतरावर. तेव्हा हेल्मेट नव्हते. फिरकीला तोंड देणारा फलंदाज पाय पुढे टाकतो, बॅट आणि पॅड जुळवून चेंडू नुसता अडवतो. त्यात चेंडू कधी जरासा उडतो. तिथे कुणी नसेल, तर फलंदाजाला दिवसभर तसेच खेळता येते. सोलकर असला की तेच बचावाचे तंत्र धोक्याचे व्हायचे. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या बळींत त्याचा वाटा किती, हे मोजायला खरे तर वेगळा रकानाच हवा.

ऑगस्ट १९७१, ओव्हल. पहिल्या डावात सोलकरने २८ धावांत ३ बळी घेतले आणि नंतर ४४ धावा काढल्या. दुसऱ्या डावात चंद्रशेखरच्या फिरकीने इंग्लंडची पडझड सुरू झाली. आडवा येईल असा अ‍ॅलन नॉट होता, पहिल्या डावात ९० काढलेला. वेंकटराघवनच्या चेंडूवर त्याने बॅट पुढे केली, चेंडू किंचित उडाला, आणि सोलकरने पुढे झेपावून तो जमिनीलगत टिपला. इंग्लंड सर्वबाद १०१. भारताने इंग्लंडमध्ये जिंकलेली ती पहिली कसोटी.

धावफलकावर नोंद एवढीच : नॉट झे. सोलकर गो. वेंकटराघवन १.