पेठ : संस्थानाचा तालुका कसा झाला

नाशिक म्हटलें कीं गोदावरी व पंचवटी आपल्या दृष्टीपुढें उभ्या राहतात. परंतु सावळ घाट ओलांडून ज्या पेठ तालुक्यांत आपण पोहोंचतों, तेथें एके काळीं स्वतंत्र संस्थान होतें, ही गोष्ट सुशिक्षित घरांतूनहि फारशी ठाऊक नसते.

पेठचे राजे दळवी घराण्याचे. घराणें मूळचें हिंदु. मोगलांच्या अमलांत त्यानें इस्लाम स्वीकारिला. तथापि जुनें नांव सुटलें नाहीं. लक्षधीर दळपतराव ऊर्फ अब्दुल मोमीन हे शेवटचे राजे १८३७ मध्यें निवर्तले. त्यांच्या मागें कन्या नूरजहान बेगम होत्या. त्यांस इंग्रज सरकारनें वर्षासन बांधून दिलें. राज्य मात्र नांवापुरतेंच उरलें. १८५७ च्या अखेरीस हरसूलच्या बाजारांत लुटालूट झाली, आणि गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावांस फांशी देण्यांत आलें. १८७८ मध्यें बेगम वारल्या व संस्थान खालसा झालें.

नाशिक जिल्हा तरी तेव्हां कितीसा जुना होता? खानदेश व अहमदनगर यांचे तालुके एकत्र करून तो १८६९ मध्यें बनविला गेला. म्हणजे अवघ्या नऊ वर्षांच्या जिल्ह्यांत शतकानुशतकांचें पेठ तालुका म्हणून सामील झालें! शेजारचें सुरगाणा संस्थान १९४८ मध्यें विलीन होऊन याच जिल्ह्यांत आलें. १९९९ मध्यें त्र्यंबकेश्वर हा नवा तालुका झाला, तेव्हां हरसूल तिकडे गेलें. ज्या गांवीं पेठच्या गादीसाठीं रक्त सांडलें, तें आज पेठ तालुक्यांत नाहीं.

राजा गेला, मामलेदार आला. मामलेदाराचा तहसीलदार झाला. परंतु प्रत्येक वेळीं सीमा कोठें असावी हें डोंगरांतील कोकणा, महादेव कोळी, वारली या रहिवाशांस कोणीं विचारिलें? त्यांच्या लेखीं राज्यकारभार म्हणजे कचेरी किती कोसांवर, आणि पाणी किती कोसांवर, एवढेंच. श्रावणांत जेथें डोंगर धुऊन निघतो, तेथेंच वैशाखांत हंडाभर पाण्यासाठीं दरी उतरावी लागते. सीमारेषा अनेकदां बदलल्या. ही पायपीट मात्र पुष्कळ पाड्यांवर अद्यापि सरलेली नाहीं.

हंगामांत निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याकडील कुटुंबें मजुरीस येतात. त्या बागांचीं द्राक्षें घरांत येतील तेव्हां वडील मंडळींनीं मुलांस नकाशा उघडून पेठ दाखवावें. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास अर्धाच वाचून कसें चालेल?