खुला व्यापार कोणास म्हणावे?

युरोपास वैभव व्यापाराने आले की परमुलुख जिंकल्याने, हा वाद जुना असून अद्यापि मिटलेला नाही. व्यापारपक्षाची बाजू अगदीच लंगडी आहे, असे आम्ही म्हणत नाही. पोर्तुगालने गोवा 1510 पासून 1961 पर्यंत हाती ठेवला, ब्राझीलचे सोने नेले, तरी पश्चिम युरोपात तो देश गरीबच राहिला. उलट स्वित्झर्लंड एकही वसाहत नसता धनाढ्य झाला. वसाहतींच्या मक्तेदारीने इंग्लंडचे हित होत नाही, असे खुद्द अ‍ॅडम स्मिथने 1776 साली प्रतिपादिले होते. नुसत्या लुटीने गिरण्या उभ्या राहत नाहीत. त्यांस कोळसा, यंत्रे आणि कारागिरांची बुद्धी लागते, हे आम्हांस मान्य आहे.

परंतु ज्यास हे पंडित व्यापार म्हणतात, तो कोणत्या शर्तींवर चालला? करारनामा पुढे आला की आम्ही वकील लोक प्रथम हे पाहतो की, संमती स्वखुशीची होती काय, आणि मोबदला कोणाच्या पदरचा होता. ही कसोटी बंगाल्यास लावून पाहावी. प्लासीच्या लढाईपूर्वी, म्हणजे 1757 पूर्वी, कंपनी तेथील कापडासाठी विलायतेहून चांदी आणीत असे. 1765 साली तिला दिवाणी मिळाली, आणि पुढे त्याच प्रांताच्या वसुलातून त्याच प्रांताचा माल खरेदी होऊ लागला! रयतेने सारा भरावयाचा, त्यातून विणकरास किंमत चुकवावयाची, आणि कापड लंडनास विकून नफा कंपनीने घ्यावयाचा. कंपनीच्या वह्यांत यास ‘गुंतवणूक’ असे गोंडस नाव होते. गुमास्ते विणकरांस बळेच अगाऊ रक्कम देऊन बांधून घेत व भाव आपणच ठरवीत. ज्या द्रव्यशोषणाचा हिशेब मांडण्यात दादाभाई नौरोजींनी उभा जन्म वेचला, त्याचा उगम येथे आहे. हा व्यापार नव्हे, आणि निव्वळ लूटही नव्हे. लुटीस जमाखर्चाचा पोशाख चढविलेला होता.

अटलांटिकपलीकडच्या साखरेची कथा याहून भयंकर. 1833 च्या कायद्याने गुलामगिरी बंद करताना इंग्लंडने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, ती मालकांस. गुलामांस एक पेनीही नाही.

आता खुल्या व्यापाराच्या तत्त्वाविषयी. हिंदुस्थानचे कापड सरस होते तेव्हा ते तत्त्व इंग्लंडास सुचले नाही. 1700 साली तेथे आपल्या छापील कापडाची आयात घरगुती वापरापुरती बंद झाली, आणि 1721 साली असले सुती कापड अंगावर घालणाऱ्यास दंड ठेवण्यात आला. यंत्रांनी बाजी फिरविल्यावर मात्र तत्त्वाचा उदय झाला, आणि 1882 साली मँचेस्टरच्या कापडावरील येथील जकात उठली. पुढे तिजोरी रिकामी पडली म्हणून ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा मँचेस्टरवाल्यांच्या ओरडीपुढे मान तुकवून सरकारने 1896 साली आयात कापडावर शेकडा साडेतीन आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर ठेविला. मुंबईच्या गिरण्या तो कर 1925 च्या अखेरीपर्यंत भरीत होत्या.